पर्केल, पॉपलिन आणि पाकिटावरचा आकडा : चादरीच्या कापडाबद्दल वाचकांचे प्रश्न

‘घरातलं कापड’ या सदराकडे चादरींबद्दल बरीच पत्रं साचली होती. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळी फक्त अंथरायच्या सुती चादरीच घेतल्या आहेत. पडदे आणि टॉवेलवाल्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न : दुकानात एकाच शेल्फवर पर्केल, सॅटीन, पॉपलिन, ‘ग्लेस कॉटन’ अशा चादरी होत्या. विक्रेता म्हणाला, सगळं कॉटनच आहे. मग फरक कशात? आणि पर्केल म्हणजे नेमकं काय? — ठाणे

‘सगळं कॉटनच’ हे उत्तर निम्मं खरं आणि निम्मं सोयीचं.

पर्केल हे साध्या विणीचं, दाट विणलेलं, बारीक सुताचं कापड. साधी वीण म्हणजे आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो, पुढच्याच्या खालून जातो, पुन्हा वरून. यापेक्षा सोपी वीण नाही. मलमल, मांजरपाट, केंब्रिक, पॉपलिन ही सगळी याच विणीची भावंडं. ती एकमेकांपासून वेगळी होतात ती तीन गोष्टींमुळे : सूत किती बारीक, इंचात किती धागे, आणि विणल्यावर कापडावर काय प्रक्रिया झाली.

सुताची बारीकी ‘नंबर’मध्ये मोजतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तो त्याचा नंबर. म्हणजे ६० नंबरच्या एका पौंडात ५०,४०० यार्ड, सुमारे ४६ किलोमीटर धागा. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण त्यांना मोठा नंबर म्हणजे जाड सूत वाटतं.

मांजरपाट जाड सुताचं आणि बहुधा न धुतलेलं, पिवळसर. मलमलीचं सूत बारीक, पण वीण विरळ, म्हणून ती झिरझिरीत. पॉपलिनमध्ये उभे धागे आडव्यांच्या जवळजवळ दुप्पट असतात. बाजारात ४० नंबरच्या सुताचं इंचाला उभे १३२ आणि आडवे ७२ असं पॉपलिन सर्रास मिळतं. नखानं हलकं घासलं तर त्यावर आडव्या बारीक रेघा जाणवतात. केंब्रिक ६० नंबरचं, ९२ बाय ८८, हलकं आणि घोटून गुळगुळीत केलेलं. पर्केलमध्ये उभे-आडवे धागे बरेचसे सारखे, दोन्ही मिळून इंचाला १८० ते २००च्या पुढे, आणि सूत साधारण ४० ते ८० नंबरचं, विंचरलेलं. आखूड तंतू काढून टाकलेल्या सुताला गिरणीत ‘कोम्ब्ड’ म्हणतात. हाताला पर्केल कोऱ्या कागदासारखं लागतं. ते मऊ नसतं, कुरकुरीत असतं, आणि त्याला चमक नसते. शब्दकोशात या नावाचं मूळ फारसी ‘परगाला’ दिलेलं असतं, अर्थ चिंधी. हजारो रुपयांच्या चादरीचं मूळ नाव चिंधी, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सॅटीन ही वीणच वेगळी. तिच्यात धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो आणि पाचव्याखाली बुडी मारतो. तरंगणाऱ्या धाग्यांवर उजेड पडला की चमक दिसते. ‘ग्लेस कॉटन’ हे कापडाचं शास्त्रीय नाव नाही, विक्रीचं आहे, आणि या नावाखाली बऱ्याचदा पॉलिस्टर किंवा मिश्र कापड असतं. शंका असेल तर कडेचे चार-पाच धागे ओढून चिमट्यात धरा आणि वाटीवर जाळा. सूत कागदासारखं जळतं, कागदाचाच वास येतो, राख मऊ आणि राखाडी पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. मिश्र कापडात राखेत बारीक कडक कण हाताला लागतात. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून बघा, कारण एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर असंही कापड असतं.

प्रश्न : ‘१००० थ्रेड काउंट, १०० टक्के कॉटन’ असं छापलेली डबल बेडशीट घेतली. उन्हाळ्यात तिच्यावर झोपवत नाही, अंगाला चिकटते. उलट जुनी २०० काउंटची चादर गार लागते. काउंट जास्त तर कापड चांगलं ना? — नागपूर

नाही. एका मर्यादेनंतर तो आकडा कापडाबद्दल काही सांगत नाही, जाहिरातीबद्दल सांगतो.

थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंचात उभे अधिक आडवे धागे, बस. उभे ११० आणि आडवे ९० असतील तर काउंट २००. आता जागेचा हिशेब करा. ६० नंबरचे एकेरी धागे एकमेकांना चिकटवून ठेवले तर एका इंचात साधारण २१५ बसतात. साध्या विणीत मात्र दोन उभ्या धाग्यांच्या मधून आडवा धागा वरखाली जायला जागा लागते. म्हणून प्रत्येक दिशेला त्याच्या निम्म्याच्या आसपासच धागे मावतात. दोन्ही दिशा मिळून २००-२२० झाले की ६० नंबरचं पर्केल भरलं. त्याहून फार वर जायचं तर सूत आणखी बारीक हवं, ८० किंवा १०० नंबरचं, आणि तिथेही साध्या विणीत ३०० ओलांडताना मागावर धागे तुटायला लागतात. सॅटीनमध्ये वरखाली जाणं कमी, म्हणून धागे जास्त कोंबता येतात. ३०० ते ४०० काउंटचं सॅटीन खरं असू शकतं.

मग १००० कुठून येतात? दोन-तीन पिळांचा धागा घेतात आणि प्रत्येक पीळ वेगळा मोजतात, किंवा माग चालवताना एकाच वेळी चार-चार बारीक आडवे धागे एकत्र घालतात आणि चारही मोजतात. कापड त्यानं चांगलं होत नाही, फक्त जड आणि कोंदट होतं. तुमची चादर चिकटते त्याचं कारण बहुधा हेच : विण सॅटीनची, तरंगते धागे अंगाला सपाट टेकतात, आणि कापड जाड असल्यानं घाम लवकर सुकत नाही. पर्केल पातळ आणि ताठ. ते अंगाला जागोजाग टेकतं, सगळीकडून लपेटत नाही. कूलरच्या दमट हवेत हा फरक आणखी जाणवतो.

पाकिटावरचा आकडा तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. सुती कापडाचं एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन काढायची ढोबळ रीत अशी : थ्रेड काउंटला सुताच्या नंबरनं भागा आणि २५नं गुणा. २०० काउंट, ६० नंबर : ८३ ग्रॅम. तेच २०० काउंट ४० नंबरच्या सुतात : १२५ ग्रॅम. ९० बाय १०८ इंचांची चादर म्हणजे सव्वासहा चौरस मीटर. आता १०००चा दावा तपासा. ६० नंबरच्या सुतानं १००० काउंट झालं असतं तर चौरस मीटरला ४१७ ग्रॅम, म्हणजे जाड जीन्सचं कापड, आणि चादर अडीच किलोच्या वर. १०० नंबरचं उंची सूत धरलं तरी दीड किलोच्या वर. तुमची ९० बाय १०८ची चादर काट्यावर किलोच्या आत भरली, तर तो आकडा फुगवलेला आहे.

धागे मोजायचेच असतील तर जाड कागदात बरोबर एक सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा, कापडावर ठेवा, मोबाइलनं जवळून फोटो काढा आणि फोटो मोठा करून मोजा. उभे ४३ आणि आडवे ३५ आले तर बेरीज ७८, तिला २.५४नं गुणा : १९८. कापडाचे व्यापारी यासाठी एक इंची भिंग वापरतात, मोजणी तीच. दोन-तीन ठिकाणी मोजा आणि काठाजवळ मोजू नका. काठाला मुद्दाम जास्त धागे भरलेले असतात.

आमचं मत विचाराल तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्याला १८० ते २५० काउंटचं पर्केल. पुण्या-नाशिकच्या थंडीत सॅटीन सुखाचं. ४००च्या पुढचा आकडा दिसला की चादर ठेवून द्यावी आणि पुढची बघावी.

प्रश्न : इथे ‘इजिप्शियन कॉटन’ लिहिलेल्या चादरी तिप्पट भावाच्या आहेत. खरंच फरक असतो का? आपल्याकडचा कापूस कमी का? — लंडन

फरक तंतूच्या लांबीत असतो. तंतू लांब असला की सूत बारीक आणि गुळगुळीत निघतं, टोकं कमी बाहेर येतात, गोळे कमी होतात. इजिप्तच्या उत्तम जाती गोसिपियम बार्बाडेन्स या प्रजातीच्या, लांब तंतूच्या. पण ‘इजिप्शियन’ याचा अर्थ एवढाच की कापूस इजिप्तमध्ये पिकला, आणि तिथेही सगळा कापूस एकाच प्रतीचा नसतो. शिवाय लेबल खोटं असू शकतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीला आपल्या ‘इजिप्शियन’ चादरींत दुसराच कापूस निघाल्यामुळे ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले होते. लेबलवर तंतूचा प्रकार आणि सुताचा नंबर लिहिलेला नसेल, तर नुसत्या देशाच्या नावाला पैसे देऊ नयेत.

भारतात सुविन नावाची जात आहे, सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट यांच्या संकरातून आलेली. तिचा तंतू जगातल्या उत्तम कापसाच्या बरोबरीचा, पण ती फार थोडी पिकते आणि दक्षिणेतच. विदर्भातला कापूस बहुतेक २८ ते ३१ मिलिमीटर तंतूचा. त्यातून ४० नंबरचं सूत सहज निघतं आणि नीट विंचरलं तर ६०चंही. रोजच्या पर्केलला एवढं भरपूर झालं. ‘ओएको-टेक्स’ची खूण दिसली तर ती हानिकारक रसायनं तपासल्याची आहे, कापसाच्या प्रतीची नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

प्रश्न : इचलकरंजीहून पर्केलचं कापड मीटरवर आणून घरीच चादर आणि कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर शिवायची आहे. पलंग ७२ बाय ७८ इंच, गादी ६ इंच जाड. कापड किती घ्यायचं, पन्हा किती? मागच्या वेळी शिवलेली दोन धुण्यांत आखूड झाली. — कोल्हापूर

आधी आखूड का झाली ते. मागावर उभे धागे ताणलेले असतात. पुढे धुलाई, रंगाई, वाळवणीत कापड लांबीच्या दिशेला आणखी ओढलं जातं. पाण्यात पडल्यावर सुताचे तंतू फुगतात, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी जातं. म्हणून आटणं लांबीत जास्त, पन्ह्यात कमी. सॅनफोराइज्ड कापड कारखान्यातच दाबून आटवलेलं असतं. सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकी माणसाच्या नावावरून हा शब्द आला. ते घरी एक-दोन टक्क्यांपलीकडे आटत नाही. साध्या प्रक्रियेचं पाच टक्के सहज आटतं, कधी त्याहून जास्त. विकत घेताना सॅनफोराइज्ड आहे का विचारा, पण हो म्हटलं तरी भिजवून घ्या.

पन्हा १०८ इंचच घ्या. ९० इंची पन्हा या गादीला पुरत नाही. दुकानदार पुरतो म्हणेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर ४ इंचांची गादी असते.

साधी चादर : रुंदीत ७२ अधिक दोन्ही बाजूंची जाडी १२, झाले ८४. दोन्हीकडे दहा-दहा इंच खोचायला, झाले १०४. १०८चा पन्हा तीन टक्के आटून जेमतेम १०५ राहतो, म्हणजे बरोबर बसलं. बाजूंना काठ आलेला असल्यानं तिथे दुमडायची गरज नाही. लांबीत ७८ अधिक १२ अधिक २० : ११०. डोक्याकडे ३ इंचांची आणि पायाकडे १ इंचाची दुमड, आणि आत वळवायला अर्धा-अर्धा, असे ५. एकूण ११५. पाच टक्के आटणार म्हणून ११५ला ०.९५नं भागा : १२१ इंच, म्हणजे ३ मीटर ८ सेंटिमीटर. दुकानातली कापणी तिरकी असते, तेव्हा सव्वातीन मीटर घ्या. १७ बाय २७च्या दोन उशांच्या अभ्र्यांना आणखी १ मीटर १० सेंटिमीटर.

इलॅस्टिकच्या चादरीला २ मीटर ७५ सेंटिमीटर पुरे.

कापड आणल्यावर कोमट पाण्यात चार-पाच तास बुडवून ठेवा, न पिळता निथळवा, वाळवा, थोडं ओलसर असताना इस्त्री करा. मग कापायचं. आणि पर्केल कात्रीनं कापण्यापेक्षा फाडावं. काठाला छोटी चीर देऊन फाडलं की ते एकाच धाग्यावर सरळ जातं. फाडल्यावर कापड चौकोनी न दिसता तिरकं दिसलं तर ते कारखान्यातच तिरकं ताणलं गेलंय. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून आखूड कर्णाच्या दिशेला ओढा, बरंचसं सरळ होतं. कात्रीनं मुद्दाम सरळ कापलं तर तिसऱ्या धुण्यात चादर पिळवटते.

आता इलॅस्टिकची चादर. भिजवून वाळवलेल्या कापडाचा ९३½ बाय ९९½ इंचांचा तुकडा करा. हिशेब असा : गादीवरचं माप, अधिक प्रत्येक बाजूला जाडी ६, खाली वळायला ४ आणि नेफ्याला पाऊण, म्हणजे पावणेअकरा. चारही कोपऱ्यांतून चौकोन कापायचे आहेत. बहुतेकांची चूक इथे होते. ते पावणेअकरा इंचांचाच चौकोन कापतात. पण शिवण अर्धा इंच आत जाते, त्यामुळे कोपरा आणखी अर्धा इंच आत सरकतो, दोन्हीकडून मिळून वरचा भाग गादीपेक्षा एक इंच लहान होतो आणि रात्री कोपरा टपकन निसटतो. म्हणून चौकोन सव्वादहा इंचांचा कापा आणि अर्धा इंच शिवण घ्या. कापलेल्या दोन कडा एकत्र आणून कापडाची उलटी बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर एक टीप मारा, कापड उलटून पुन्हा पाव इंचावर दुसरी, म्हणजे धागे आत बंद होतात. सगळ्या कडेनं पाव इंच आणि मग अर्धा इंच दुमडून नेफा करा. कोपऱ्याच्या शिवणीपासून दोन्हीकडे दहा-दहा इंचांवर खूण करून, त्या वीस इंचांच्या नेफ्यात १० ते ११ इंचांचं, एक सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक ओवा आणि दोन्ही टोकं तीन-तीनदा मागेपुढे शिवून पक्की करा. सैल इलॅस्टिक घालायची चूक कोणी करत नाही, ताणून-ताणून फार आखूड घालायची मात्र करतात, मग कोपऱ्यावरची शिवण उसवते.

मशीनला ११ नंबरची सुई लावा. चादरीच्या जाडीकडे बघून १६ची लावली तर दाट विणीत धागे तुटतात आणि शिवणीच्या बाजूनं बारीक भोकांची रांग पडते. तिथूनच पुढे कापड फाटतं. टाके इंचाला दहा-बारा.

प्रश्न : नव्या चादरीवर तीन महिन्यांत गोळे आले, तेही पायाकडच्या बाजूला. — सोलापूर

टाचांच्या घर्षणानं आखूड तंतू बाहेर येतात आणि एकमेकांत गुंततात. शुद्ध सुती कापडावरचे गोळे काही धुण्यांत गळून पडतात. मिश्र कापडात पॉलिस्टरचे मजबूत तंतू त्यांना धरून ठेवतात, म्हणून तिथे ते जातच नाहीत. तीन महिन्यांनंतरही तसेच असतील तर वर सांगितलेली जाळून बघायची चाचणी करा. चादर टॉवेल आणि जीन्ससोबत मशीनमध्ये टाकू नका, आणि उलटी करून धुवा. आलेले गोळे रेझरनं न काढता गोळे काढायच्या छोट्या यंत्रानं काढा. रेझरनं धागाच कापला जातो.

याच वाचकांनी सोलापुरी चादर पर्केलमध्ये मोडते का, असंही विचारलंय. नाही. ती जाड सुताची, जॅकार्ड मागावर नक्षी विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, मुख्यतः पांघरायची चादर. भौगोलिक निर्देशांक मिळालेलं ते वेगळंच कापड आहे. पर्केल अंथरा आणि सोलापुरी पांघरा, दोघांचं भांडण नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटातल्या घडीच्या चादरींना कुबट वास येतो, पांढऱ्यांवर काळे ठिपके पडले. ते कसे काढायचे? शिवाय उशीच्या अभ्र्यांवर तेलाचे पिवळे डाग. — चिपळूण

काळे ठिपके बुरशीचे. पांढऱ्या सुती चादरीला क्लोरीनचं ब्लीच चालतं : एक लिटर गार पाण्यात दहा मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळा. जास्त वेळ ठेवलं तर डाग जातो आणि महिनाभरात त्याच जागी कापड विरतं. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. रंगीत चादरीला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट : चार-पाच लिटर गरम पाण्यात मोठा चमचाभर, एक तास.

वास मुळात ओलीमुळे. हाताला कोरडी लागणारी चादर घडीच्या आत ओलसर असते. पावसाळ्यात इस्त्री करून पंख्याखाली अर्धा तास पसरवा आणि मगच घडी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या साडीत गुंडाळा. आणि ठेवणीतल्या चादरीला खळ लावून ठेवू नका. खळ बुरशीला आवडते आणि कसरीलाही. पर्केलला तशी खळ लागतही नाही, त्याचा ताठपणा विणीचाच असतो.

खोबरेल तेलाचा डाग कोरड्या कापडावरच काढायचा असतो. अभ्रा भिजवायच्या आधी डागावर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब चोळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ५०-६० अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात तेल हलत नाही, कापडात राहून हवेनं पिवळं पडतं. हळदीचं याच्या उलट. साबण लावताच डाग लाल होतो, घाबरू नका, क्षारानं हळदीचा रंग बदलतो एवढंच. खळबळून ओलंच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, एक-दोन दिवसांत उडतो.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग ‘पक्का’ करण्याबद्दलही दोघांनी विचारलंय. रंगाईच्या हौदात मिठाचा उपयोग असतो. रंगून आलेल्या चादरीला घरी मीठ लावून काही पक्कं होत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, न धरलेला जादा रंग निघून जाईल.

प्रश्न : चांगल्या जुन्या पर्केलची चादर मधोमध विरलीय, बाजू मात्र नव्यासारख्या. टाकवत नाही. — बेळगाव

टाकू नका. आधी विरलेल्या भागापासून वीतभर दूर दोन्ही अंगठ्यांनी कापड झटक्यात ओढून बघा. टरकन आवाज आला तर सगळंच कापड गेलंय, अशा वेळी मेहनत वाया जाईल. टिकलं तर चादर लांबीत मधोमध फाडा. आता दोन्ही काठ, जे बाहेर होते, ते मध्ये आणा. एक काठ दुसऱ्यावर अर्धा इंच चढवा आणि दोन समांतर टिपा मारा. काठ बाकी कापडापेक्षा घट्ट असतो, तसाच शिवला तर मध्ये चुण्या पडतात, म्हणून आधी दर तीन इंचांवर काठाला बारीक चीर द्या. विरलेला भाग आता बाहेरच्या कडांना गेला. तिथला सात-आठ इंचांचा पट्टा दोन्हीकडून कापून टाका आणि कडा दुमडून शिवा. १०८ची चादर ९०-९२ इंचांची होईल, डबलची चार फुटी पलंगाला.

चाचणीत टरकलेली चादर गोधडीच्या आतल्या थराला घाला. नवं पर्केल गोधडीला नकोच, इतक्या दाट विणीतून हातसुई रेटताना बोटं दुखतात. दहा वर्षं धुतलेल्यातून ती सहज जाते. फक्त विरलेला मधला भाग कापून टाका, नाहीतर टाके घालतानाच त्याला भोकं पडतील.